ताईच्या नाकातलं पाणी

पुणे, शनिवार

प्रिय सुन्या,

फोनवर "ऑपरेशन झालं, बरी आहे" एवढंच बोललो म्हणून चिडलास ना? घे, आता सविस्तर वाच.

वर्षभर आम्ही सर्दीच धरून चाललो होतो. उजव्या नाकपुडीतून पाणी यायचं, डावी कोरडी ठाक. गोळ्या झाल्या, वाफारे झाले, आईचा आल्याचा काढा झाला. मग संकष्टीला ताई देवापुढे वाकली आणि ताम्हणात टपटप तीन थेंब पडले, नळाच्या पाण्यासारखे नितळ. तिचा रुमाल वाळल्यावर कडक होत नाही, हे आधी आईच्याच लक्षात आलं होतं. ताईला घशात खारटही लागायचं. शेवटी ते पाणी बाटलीत धरून बीटा-टू ट्रान्सफेरिनची तपासणी केली. हे प्रथिन साध्या शेंबडात नसतं. मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरत होतं!

पहिल्या ऑपरेशनमध्ये नाकातून दुर्बीण घालून नाक आणि मेंदूमधल्या हाडातलं भोक बुजवलं. चार महिन्यांत पुन्हा गळती. तुला वेगळं सांगायला नको, गच्चीची पन्हळ तुंबलेली ठेवून वरून कितीही डांबर फासलं तरी काय होणार? दुसऱ्या सर्जननी आधी डोकेदुखीचं विचारलं, डोळ्यांचे पडदे तपासायला लावले, एमआरआय नीट पाहिला. डोक्यातला दाबच वाढलेला निघाला. शरीर रोज अर्धा लिटर पाणी तयार करतं आणि एका वेळी मावतं जेमतेम दीडशे मिली. ते वेळेवर शोषलं गेलं नाही की पातळ हाड दिसेल तिथून वाट काढतं. पहिल्या वेळी हे कुणी विचारलंच नाही, याचा राग अजून जात नाही माझा.

या वेळी मांडीतला चिवट पडदा काढून आत बसवला आणि वरून नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून पांघरलं. म्हणजे ठिगळ जिवंत! ही पद्धत 2006 पासून रूढ झाली म्हणे. त्याआधी मोठ्या भोकांना भरवशाचं झाकण मिळणं अवघड असायचं. ते पाणी काढून दाब कमी ठेवायला चार दिवस कमरेत नळी होती. डोक्यातला दाब उतरवायच्या गोळ्या चालू आहेत आणि त्याच दाबापायी वजनही उतरवायचंय, त्यावरून घरात रोज महाभारत.

नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. ताईची शिंक आता खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते.

रोज सकाळी ती आरशासमोर मान खाली घालून मिनिटभर उभी राहते. आई गॅस बारीक करून दाराशी थांबते. आज सात आठवडे झाले. कोरडं आहे.

तुझा,
बंड्या