पाय काढण्याआधी त्यात रक्त पोचतंय का ते बघा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. यंत्रमागावर उभे राहणारे कामगार, विडी वळणाऱ्या बायका, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या मुली हे माझे पेशंट. मागणी आधीच सांगून टाकते, कारण मंत्रालयात पोचलेल्या पत्राचं शेवटचं पान कुणी वाचतं यावर माझा विश्वास नाही. सरकारी पैशाने कुणाचंही बोट, पंजा किंवा पाय काढण्याआधी त्या पायात रक्त किती पोचतंय याची लेखी नोंद सक्तीची करा. पू अंगात भिनून जीवच धोक्यात असेल तिथे अर्थातच कुणी थांबू नये. बाकी सगळीकडे ही सक्ती हवी.

सध्या काय होतं ते सांगते. अंगठ्याजवळ चप्पल चावते, जखम होते, शुगरमुळे पायाला बधिरपणा असल्याने आठ दिवस कुणाला कळतही नाही. मग ड्रेसिंग, अँटिबायोटिक, पुन्हा ड्रेसिंग. बोट काळं पडतं, काढलं जातं. पण शाबूत कातडीला जगायला जेवढं रक्त लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त रक्त जखम भरायला लागतं. ते आणणारी धमनी वरच बंद असेल तर टाके घातलेली जागाही काळी पडते. मग पंजा, मग गुडघ्याखाली. घरचे म्हणतात, शुगरचा पाय होता, असंच व्हायचं. शुगरवर खापर फुटतं आणि अडलेली धमनी कुणी पाहिलेलीच नसते.

माझ्याकडे येणारा एक मागावाला आठवतो. रात्री पाय खाटेवरून खाली सोडून बसल्याबसल्या झोपायचा. आडवं झालं की पंजा ठणकायचा, खाली लोंबकळला की बरं वाटायचं. खाली सोडलेला पाय लालबुंद दिसायचा, म्हणून बायको समाधानात होती की रक्त उतरतंय. मी त्याला आडवं करून पाय वर धरला. बघता बघता तळवा मेणासारखा पांढरा झाला. दिवसभर मागापाशी उभं राहणारा माणूस सलग फर्लांगभर चालतच नाही, त्यामुळे चालताना पोटरीत गोळा येण्याची पहिली खूण त्याला कधी मिळालीच नव्हती. पायाची तपासणी मात्र त्याची दोनदा झाली होती, असं तो शपथेवर सांगत होता.

त्या तपासण्यांचे कागद मी पाहिले. पहिली एका शिबिरातली. तळव्याला थरथरणारी दांडी लावतात आणि जाणवलं का विचारतात, ती. ती मज्जातंतू तपासते, म्हणजे संवेदना. रक्ताशी तिचा काही संबंध नाही. दुसरा कागद खरोखर डॉप्लरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहणाऱ्या तपासणीचा होता, पण रक्त परत नेणाऱ्या शिरांचा. पाय सुजला होता म्हणून शिरेत गाठ आहे का ते पाहिलं, नाही म्हणून ‘नॉर्मल’ लिहिलं. धमनीकडे कुणी पाहिलंच नाही, कारण चिठ्ठीवर तसं मागितलंच नव्हतं. ‘डॉप्लर नॉर्मल’ या दोन शब्दांवर माणूस निर्धास्त झाला. साहेब, हे एकट्यादुकट्याचं नाही. चिठ्ठीवर ‘पायाच्या धमन्यांचा डॉप्लर, पंजापर्यंत’ असं छापील लिहून दिलं तरी निम्मं काम होईल.

बरं, सुरुवात करायला मोठं मशीन लागतच नाही. बीपीचा पट्टा आणि पेन्सिल डॉप्लर पुरतो. त्याला पडदा नसतो, फक्त आवाज येतो. निरोगी धमनीचा आवाज दोन-तीन तुकड्यांत खणखणीत येतो, वर अडथळा असेल तर एकच लांबट मऊ ‘हूंऽश’. घोट्यापाशी पट्टा बांधून दाब मोजायचा, दंडाच्या दाबाने भागायचं. दंडात 140 आणि घोट्याशी 70 आला तर उत्तर 0.5. 0.9 किंवा त्याखालचं उत्तर म्हणजे अडथळा आहे. आरोग्य केंद्राच्या नर्सला हे शिकवता येतं. फक्त प्रसूती कक्षात बाळाचे ठोके ऐकतात तो डॉप्लर इथे चालत नाही. त्याचा प्रोब 2–3 मेगाहर्ट्झचा असतो, पायाच्या वरवरच्या धमन्यांना 8 मेगाहर्ट्झचा लागतो. खरेदीच्या वेळी ही एक ओळ निविदेत राहून गेली तर कपाटात शोभेची वस्तू वाढेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

यातही एक फसगत आहे आणि ती नेमकी शुगरवाल्यांची होते. वर्षानुवर्षं शुगर किंवा किडनीचा आजार असलेल्यांच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. पट्टा कितीही फुगवा, धमनी दबत नाही. उत्तर 1.4 च्या वर येतं आणि रिपोर्ट झकास दिसतो. पायाच्या अंगठ्यातल्या बारीक धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत, म्हणून अंगठ्याला छोटा पट्टा बांधून दाब मोजायचा. जखम असलेल्या शुगरच्या पायात घोट्याचा दाब 50 च्या खाली किंवा अंगठ्याचा 30 च्या खाली असेल तर धमन्यांचं चित्रण तातडीने करा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तातडीने म्हणजे पुढच्या ओपीडीला नव्हे.

चित्रणाचं म्हणाल तर प्रत्येक पद्धतीची आपापली मर्यादा आहे. कलर डॉप्लरला सुई लागत नाही, पण करणाऱ्याचा हात आणि वेळ लागतो. मांडीपासून पंजापर्यंत दोन्ही पाय नीट पाहायचे तर गर्दीच्या दिवशी रेडिओलॉजिस्ट कुठून वेळ काढणार? सीटी अँजिओला आयोडीनचं औषध शिरेतून द्यावं लागतं, क्रिएटिनिन वाढलेल्याला, म्हणजे किडनी अधू असलेल्याला, ते देताना विचार करावा लागतो आणि गुडघ्याखाली कॅल्शियमच इतकं चकाकतं की आतली वाट मोकळी की बंद ते कळत नाही. कॅथलॅबमधली अँजिओग्राफी सगळ्यात स्पष्ट, शिवाय त्याच बैठकीत फुगा घालून अडथळा उघडता येतो. पण तिथपर्यंत पोचायला आमच्या माणसाला बहुतेकदा पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं, आणि तो जायलाच तयार नसतो.

आणि धमनी दिसली म्हणजे बोटाला रक्त मिळालं असंही नाही. उजनीचा कालवा तोंडाशी भरून वाहत असला तरी टेलच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाणी पोचलं असं आपण म्हणतो का? पायाचंही तेच. टेलला, म्हणजे कातडीपाशी, रक्त पोचतंय का हे दाखवणाऱ्या पद्धती आता आहेत. एकीत इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग हाताच्या शिरेतून देतात आणि अवरक्त प्रकाशात बघणारा कॅमेरा पायावर धरतात. जिथे रक्त पोचतं तो भाग पडद्यावर उजळत जातो, जिथे नाही तो काळाच राहतो. हा रंग यकृतातून बाहेर पडतो, त्यामुळे किडनी अधू असलेल्यालाही चालतो. आयोडीनची ॲलर्जी मात्र आधी विचारावी लागते. काही मिलिमीटरच्या खालचं तो दाखवत नाही, पण बोट कुठे कापलं तर जखम भरेल हे ठरवायला सर्जनला तेवढंही मोलाचं असतं. दुसऱ्या पद्धतीत नुसता लेझर कातडीवर टाकतात आणि हलणाऱ्या रक्तपेशींमुळे प्रकाशाच्या ठिपक्यांत होणारी चाळवाचाळव कॅमेरा मोजतो. तिथे सुईसुद्धा नाही.

उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेराही हल्ली शिबिरांत मिरवतो. त्यावर पैसे घालवू नका. तो तापमान दाखवतो, रक्त नाही. पू झालेला पाय रक्त कमी असतानाही गरम असतो, आणि मे महिन्यात सोलापुरात कुठला पाय थंड सापडणार?

शुगरपुरतंच हे धरून बसू नका. विडी ओढणारे, तंबाखू खाणारे पस्तिशी-चाळिशीतले पुरुषही काळं बोट घेऊन येतात. डॉ. लिओ बर्गर यांनी 1908 साली ज्याचं सविस्तर वर्णन केलं तो बर्गरचा आजार. तो पंजातल्या, बोटांतल्या बारीक वाहिन्यांपासून सुरू होतो, मांडीतली नाडी टणटण लागते आणि त्यामुळे सगळे गाफील राहतात. यात तंबाखू पूर्ण सुटणं हाच मुख्य उपचार. पण पायातल्या वाहिन्यांचं चित्र समोर दाखवलं की नवरे ऐकतात, हा माझा अनुभव. ज्या घरात बायको पोटासाठी विडी वळते तिथे नवऱ्याला विडी सोड म्हणणं काय असतं, ते आमच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, येऊन बघा.

आता खात्याचं. गावातलं आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, शहरातला दवाखाना महापालिकेचा, सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. पाय यातल्या कुणाचाच नाही. फुले जन आरोग्य योजना पॅकेजवर चालते: दाखल होऊन काही केलं की पैसे, ओपीडीतल्या नुसत्या तपासणीला नाहीत. म्हणजे पाय काढायला सरकार पैसे देतं आणि तो वाचेल का हे बघायला पेशंटने खिशात हात घालायचा. नंतर कृत्रिम पाय वाटपाच्या शिबिराला मात्र मांडव, सत्कार आणि बातमीत फोटो. त्या शिबिरांना माझा विरोध नाही, पण तिथल्या रांगेत बसलेल्यांपैकी किती जणांच्या धमन्या कुणी पाहिल्या होत्या, हे पुढच्या वेळी व्यासपीठावर जाण्याआधी जरूर विचारा.

म्हणून एवढं करा. योजनेत पाय किंवा बोट काढण्याच्या फाइलला घोट्याच्या आणि अंगठ्याच्या दाबाचा कागद जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नका. आजार अंगावर धावून आलेल्यांचा अपवाद स्पष्ट लिहा, नाहीतर त्याच फटीतून सगळे निसटतील. तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात 8 मेगाहर्ट्झचा पेन्सिल डॉप्लर आणि अंगठ्याचा पट्टा द्या, आणि तो वापरणारी एक शिकलेली नर्स जी सहा महिन्यांत बदलून जाणार नाही. धमनीच्या डॉप्लरला ओपीडीतही योजनेचे पैसे मिळू द्या. सिव्हिलमध्ये आठवड्यातला एक दिवस पायांचा ठेवा, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि शुगरचे डॉक्टर एकाच खोलीत. हिरव्या रंगाच्या कॅमेऱ्याचा विचार हे सगळं चालू लागल्यावर करा, आधी नको. फीत कापायला तो सोयीचा आहे हे मला माहीत आहे.

वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांनाही याची प्रत पाठवत आहे. दोघांपैकी कुणाच्या टेबलावरून उत्तर येतं ते बघू.

आपली,
पूर्व भागातील एक जनरल प्रॅक्टिशनर,
सोलापूर