चिंधी बांधणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

पोळ्याच्या आठवड्यात भिवापूरकडच्या एका आडरस्त्यावर तुमची टोळी कडेचं गवत कापत होती. तिथेच स्कूटी लावून काट्यांच्या कुंपणात डोकं घालून बसलेली बाई, ती मी. कुंपणावर कळलावी चढली होती. तिच्या पानाचं टोकच वळतं आणि शेजारची काटकी धरून वर जातं. उलट्या वळलेल्या पाकळ्या, नागमोडी कडा. फूल आधी पिवळं असतं, मग लाल होत जातं, म्हणून एकाच वेलीवर दोन्ही रंग.

तुम्ही विळा घेऊन आलात. मी काही बोलायच्या आत म्हणालात, "पाहून घे पोरी, ह्याले मी हात नाही लावत." आणि तेवढ्यावर थांबला नाहीत. डोक्याच्या फडक्याची कड टर्रकन फाडलीत आणि चिंधी वरच्या काटकीला बांधलीत, मागून येणाऱ्याचा विळा तिथे चालू नये म्हणून. मुकादम ओरडत होता. तुम्ही दोन गाठी मारल्याशिवाय हलला नाहीत.

हे पत्र त्या चिंधीसाठी आहे.

आदल्या वर्षी याच रस्त्यावर तणनाशक मारलं होतं. कुर्डूचे गुलाबी तुरे, तरोट्याची पिवळी फुलं, सकाळी उमलून दुपारी मिटणारा निळा केना, सगळं करपून गेलेलं. मी कार्यालयात गेले. वळणावर समोरची गाडी दिसली पाहिजे, तिथलं जरूर कापा. बाकीचं बी पडल्यावर कापा, एवढंच मागणं होतं. या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि शेवटी "गवतासाठी कोणी अर्ज करतं का, मॅडम?" हे ऐकून परतले. अजून राग जात नाही. तरोट्याची, कुर्डूची, केन्याची कोवळी भाजी पावसाळ्यात आपण आवडीने खातो, आणि फुलं आली की तेच तण! न मागता, न सांगता दुसऱ्याच्या जिवाचं जपणारी माणसं अजून आहेत, हे तुमच्यामुळे मला पुन्हा पटलं. तेही मजुरीचा खाडा होईल याची पर्वा न करता.

दिवाळीच्या सुमारास मी मुद्दाम जाऊन आले. वेल वाळली होती, पण बोंडं उकलून आतल्या शेंदरी बिया दिसत होत्या. बी धरेपर्यंत ती उभी राहिली, मावशी. कंदही जमिनीत शाबूत आहे, पावसात पुन्हा फुटेल. विषारी असला तरी औषधासाठी तो खणून नेणारे कमी नाहीत, म्हणून नेमकी जागा इथे लिहीत नाही. तुम्हाला ती ठाऊकच आहे.

तुमच्यासाठी एक सुती दुपट्टा घेऊन ठेवलाय. पुढच्या कापणीला टोळी दिसली की थांबणार आहे. नाही म्हणू नका.