बाबा, व्याज तुम्ही भरू नका

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या एज्युकेशन लोनच्या पैशाचा विषय निघाला की बाबा लगेच "घे, आईशी बोल" म्हणून मोबाईल तिच्याकडे देतात, म्हणून हे लिहून पाठवतेय. आई, तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी सांगते, मी इथे अमेरिकेत मजेत आहे. नीट जेवते. बर्फ पडतंय पण घरात हीटर असतो, उलट धायरीच्या घरात डिसेंबरमध्ये जास्त कुडकुडायचो आपण. गोडा मसाला अजून पुरतोय.

टीएशिपचं, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या टीचिंग असिस्टंटच्या कामाचं, परत एकदा सांगते कारण काकूंनी अख्ख्या सोसायटीत वेगळंच पसरवलंय. मी हॉटेलात भांडी घासत नाही (घासली असती तरी काय बिघडलं असतं म्हणा). बॅचलर्सच्या पोरांचे स्टॅटिस्टिक्सचे पेपर तपासते, आठवड्यातून एकदा त्यांना गणितं सोडवून दाखवते, त्याबदल्यात ट्यूशन फी माफ आणि वर स्टायपेंड. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करायला व्हिसाच परवानगी देत नाही, त्यामुळे "पोरगी राबून राबून आजारी पडेल" ही आईची काळजी इथल्या सरकारनेच मिटवलीय. बाकीच्या बारीकसारीक फिया आणि हेल्थ इन्शुरन्स मात्र भरावा लागतो, तो हिंजवडीच्या नोकरीतल्या सेव्हिंगमधून भरला आणि ते सेव्हिंग अजून आहे. टॅक्सचं बाबा विचारणारच, तर १५ एप्रिलच्या आत १०४०-एनआर हा परदेशी लोकांचा टॅक्स फॉर्म भरायचा असतो, आणि भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची वजावट, मिळतं, माझ्या लॅबमधल्या चिनी मुलीला मिळत नाही, तिने तोंड वाकडं केलं.

आता एक गंमत. माझी रूममेट इथलीच, अमेरिकन, तिचे वडील डेंटिस्ट, स्वतःचा दवाखाना, घर हे एवढं मोठं. इथे मास्टर्सला आलं की सरकारी लोनच्या फॉर्मवर आईवडिलांचं उत्पन्न विचारतच नाहीत, बाप करोडपती असला तरी मुलगी आपली आपण. तर हिने सरकारी लोन घेतलं, ते कमी पडलं म्हणून वडिलांकडून घेतलं, आणि बाबा, त्याचा रीतसर कागद केलाय! दोघांच्या सह्या, व्याजाचा दर, महिन्याची तारीख, सगळं. मला वाटलं बापलेकीचं भांडण असेल. तसलं काही नाही. इथलं टॅक्सखातं घरातल्या घरात दिलेल्या उसन्या पैशांसाठीसुद्धा दर महिन्याला किमान व्याजदर जाहीर करतं, आणि १०,००० डॉलरच्या वर बिनव्याजी दिले तर न घेतलेलं व्याज बापाने मुलीला भेट दिली असं धरू शकतात. म्हणजे बापाने माया केली तर त्याचाही हिशोब लागतो. पहिल्या तारखेला ही बेडवर लोळत फोनवरून वडिलांना व्याज पाठवते आणि लगेच त्यांनाच फोन करून कुत्रा कसा आहे विचारते. मी म्हटलं, तुला वाईट नाही वाटत? तर म्हणाली, वाईट कशाला, बँकेपेक्षा रेट कमी आहे.

आणि आपल्याकडे बघा. फ्लॅट तारण ठेवायला नको म्हणून मी लोन साडेसात लाखांच्या आत बसवलं, को-बॉरोअर म्हणून सही तेवढी बाबांची, पैसे माझे, असं ठरलं होतं ना? आईच्या तोंडून परवा निसटलं की व्याज बाबांच्या पेन्शनमधून कटतंय आणि मी दर महिन्याला पाठवते ते सगळे माझ्या लग्नाच्या नावाने आरडीत जातायत. बाबा, हे मला अजिबात चालणार नाही. त्यातून तुम्ही टॅक्सची नवी रिजीम घेतलीय, एज्युकेशन लोनच्या व्याजावरची सूटसुद्धा मिळणार नाही तुम्हाला. दिवाळीला तिकीट महाग म्हणून आले नाही, ते पैसे व्याजालाच ठेवले होते, आणि तुम्ही दोघं तिकडे एसी दुरुस्त न करता बसलात. मला काय वाटत असेल? जाऊ दे.

आई, नाशिकच्या स्थळाबद्दल. त्यांनी लोन आहे का विचारलं आणि तू "स्कॉलरशिप आहे हो" म्हणालीस, हे दादाने सांगितलं, त्याला ओरडू नकोस. त्यांना सरळ सांग, लोन आहे, मुलगी स्वतः फेडणारे, कोर्स संपल्यावर हप्ते सुरू होतील आणि नोकरी लागली की दोन-तीन वर्षं ती लग्नात एक पैसा जास्त घालणार नाही. नंतर त्यांचा फोन आला तर मी मुलाशी बोलेन, नक्की बोलेन. नाही आला तर राहिलं.

बाबा, व्याज महिनाअखेरीला कटतं, त्याआधी बँकेत जाऊन ऑटो डेबिट आईच्या खात्यावर टाका, मी तिथेच पाठवते. आरडी मोडायला सांगत नाही, पण त्यातून आधी एसी दुरुस्त करून घ्या. पासबुकाचा फोटो पाठवा, दोन्ही पानांचा.

तुमची,
मनू