टीव्ही आधी नीट लावा, मग ‘टोकियो स्टोरी’ला संथ म्हणा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ‘टोकियो स्टोरी’ हा जपानी सिनेमा अर्ध्या तासात बंद केलात आणि म्हणालात, “मालिकेसारखं दिसतंय, आणि पुढं काही घडेना.” दुसऱ्या तक्रारीकडं नंतर येते. पहिली जास्त गंभीर आहे. १९५३ सालचा सिनेमा मालिकेसारखा दिसता कामा नये. तसा दिसतोय म्हणजे दोष दिग्दर्शक ओझूचा नाही, आपल्या भिंतीवरच्या टीव्हीचा आहे. फोनवर बटणं सांगताना गोंधळ होतो, म्हणून सगळं लिहून पाठवते. हा कागद रिमोटजवळ ठेवा.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चित्रित होतो. टीव्ही त्याहून जास्त वेळा चित्र बदलू शकतो, म्हणून दोन चित्रांच्या मधली चित्रं तो अंदाजानं तयार करतो आणि भरतो. हालचाल तुपासारखी गुळगुळीत होते. दूरदर्शनच्या जुन्या व्हिडिओ मालिका सेकंदाला ५० वेळा ताज्या होणाऱ्या चित्रावर दिसायच्या. आपल्या डोळ्याला गुळगुळीत म्हणजे मालिका हीच सवय आहे, त्यामुळे कुरोसावासारख्या जपानी दिग्दर्शकाचा सिनेमाही लगेच स्टुडिओतल्या सेटसारखा दिसायला लागतो. क्रिकेटला आणि कुस्तीला ही सोय चालते. सिनेमाला अजिबात नाही.

रिमोटवर दातेरी चाकाचं चिन्ह आहे ते दाबा, ‘पिक्चर’मध्ये जा, ‘पिक्चर मोड’ उघडा. ‘फिल्ममेकर’ असेल तर तोच निवडा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. ‘फिल्ममेकर’मध्ये ती मधली चित्रं भरणं आपोआप थांबतं. ‘सिनेमा’मध्ये बऱ्याचदा थोडं चालूच राहतं, म्हणून आणखी आत जाऊन ते बंद करावं लागतं. नाव कंपनीगणिक बदलतं: सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. त्याच पानावर ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा, कारण ते जुन्या फिल्मचे कण पुसायला जातं आणि माणसांचे चेहरे मेणाचे करून ठेवतं. वीज वाचवणारा मोडही बंद करा. अंधाराचा प्रसंग आला की तो पडदा आणखी मंद करतो.

नव्या मोडमध्ये चित्र पिवळट आणि थोडं मंद वाटेल. दोन दिवस तसंच राहू द्या, डोळा रुळतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उठून दिसावं म्हणून टीव्ही निळसर आणि भडक लावलेले असतात, आपल्याला त्याचीच सवय झालीय. आणखी एक, बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक जोडणीला वेगळी लागते. सेट-टॉप बॉक्सवर केली म्हणून टीव्हीतल्या अ‍ॅपला लागू होत नाही. अ‍ॅपमध्ये सिनेमा चालू करून, तो चालू असतानाच पुन्हा एकदा हे सगळं करा.

कडेचे काळे पट्टे घालवायला ‘झूम’ दाबू नका. बाबा, हे खास तुमच्यासाठी. त्या काळातली चौकट आजच्या टीव्हीपेक्षा चौकोनी होती. ती रुंद पडदा भरेपर्यंत ताणली की वरखाली मिळून साधारण पाव चित्र कापलं जातं. ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनिसांच्या डोक्यावरची मोकळी जागा गेली की तुकोबा फोटो काढायला बसवल्यासारखे दिसतात. ‘स्क्रीन साइज’ला ‘ओरिजिनल’ ठेवा आणि पट्टे राहू द्या. आपल्या ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, आणि ज्यांच्या हाताखाली ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल तयार झाले, त्या गावात त्यांची चौकट कुणी कापू नये असं मला मनापासून वाटतं.

आता टीव्हीची उंची. तो दाराच्या चौकटीइतका वर टांगलाय. तुम्हा दोघांचे चष्मे प्रोग्रेसिव्ह आहेत, म्हणजे लांबचं वरच्या भागातून आणि वाचायचं खालच्या भागातून. उंच टीव्ही बघायला हनुवटी वर गेली की नजर वाचायच्या भागातून जाते, सबटायटल धुरकट दिसतात आणि तासाभरात मान भरून येते. आई, तुझ्या ‘अक्षरं हलतात’चं कारण बहुतेक हेच आहे. भिंतीवरचा स्टँड खाली घ्यायला सांगा. कोचावर बसल्यावर डोळे पडद्याच्या मधोमध आले पाहिजेत, म्हणजे पडद्याचा मध्य जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर. ४३ इंची टीव्हीला सहा-सात फूट अंतर पुरे. आत्ता तुम्ही अकरा फुटांवर बसता, तिथून सबटायटल वाचायलाच सगळी शक्ती जाते.

सबटायटल पांढरे असतात आणि जुन्या कृष्णधवल सिनेमात पांढऱ्या किमोनोवर, पांढऱ्या भिंतीवर हरवतात. अ‍ॅपच्या सबटायटल सेटिंगमध्ये आकार ‘लार्ज’ करा आणि मागं काळी पट्टी द्या. पिवळा रंगही चालतो. हिंदी सबटायटल मिळत असतील तर तेच लावा. बाबा इंग्रजी वाचून मोठ्यानं मराठीत सांगतात तेव्हा पुढच्या दोन ओळी दोघांच्याही जातात. एखादी ओळ पडद्यावर राहते जास्तीत जास्त सात सेकंद, छोटी असेल तर सेकंदभरही नाही. ओळ निसटली तर निसटू द्या, चेहरा बघा. यूट्यूबवर आपोआप तयार झालेले सबटायटल मात्र लावू नका. नावंसुद्धा धड येत नाहीत, आणि अख्ख्या सिनेमाबद्दल उगाच वाईट मत होतं.

आवाज मोठा करूनही संवाद कळत नाहीत, त्याचं कारण दुहेरी. वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे स, श, त, फ. शब्दाचा अर्थ तर याच अक्षरांवर उभा असतो. नुसता आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, शब्द तिथंच राहतात. म्हणून साउंड सेटिंगमध्ये ‘ट्रेबल’ वाढवा, ‘बास’ कमी करा, ‘क्लिअर व्हॉइस’ असेल तर चालू करा. अ‍ॅपमध्ये ‘५.१’ आणि ‘स्टिरिओ’ असे दोन पर्याय दिसले तर ‘स्टिरिओ’ घ्या. ५.१मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, तो आपल्याकडं नाही. पंखा पाचवर असेल तर दोनवर आणा, हे एकच केलं तरी फरक कळेल.

एवढं झालं की मग ‘पुढं काही घडेना’ या तक्रारीकडं. पहिला सिनेमा जपानी लावू नका. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) लावा, फक्त ९६ मिनिटं. बासू चॅटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळं (१९८६) एका खोलीत बसून खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा पंचांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून डोकं कॅमेऱ्याकडं द्यायला मोकळं राहील. दिग्दर्शक सिडनी लुमेटनं सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवलाय, मध्ये डोळ्यांच्या रेषेत, आणि शेवटी शेवटी खाली, इतका की खोलीचं छत दिसायला लागतं. भिंगंही हळूहळू लांब पल्ल्याची होत जातात, त्यानं मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन भिडते. कोणी उठून ‘मला गुदमरतंय’ म्हणत नाही, गुदमरतो आपण. मग बाहेर, न्यायालयाच्या पायऱ्यांवर, एकदम रुंद चित्र येतं आणि श्वास सुटतो. हिंदीत पंकज कपूर ताकदीनं बोलतात, तरी माझं मत मूळ सिनेमाकडं झुकतं ते या भिंतीमुळं.

दुसरा कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२), १४३ मिनिटं. सुरुवातच पोटाच्या एक्स-रेनं होते. नगरपालिकेतला कारकुनी साहेब, कॅन्सर, आणि मरायच्या आधी मुलांसाठी एक बाग. या सिनेमांना मध्यंतर नसतं, म्हणून आपणच योग्य ठिकाणी करायचं. इथं ते आपोआप सापडतं. नायक अजून धडपडतोय असं वाटत असताना कुरोसावा एकदम त्याच्या तसबिरीसमोर नेऊन बसवतो. तिथं पॉज करा, औषधं घ्या, चहा घ्या. पुढचा भाग म्हणजे सुतकाच्या घरी जमलेले सहकारी दारू पिता पिता बागेचं श्रेय एकमेकांत वाटून घेतात. नगरपालिकेत कधी एखादा दाखला काढलेल्या कुणालाही हे परकं वाटणार नाही. हा भाग लांबवला असं काही जण म्हणतात. मला तर तोच सिनेमाचा कणा वाटतो, कारण माणूस गेल्यावर त्याचं काम कसं गिळलं जातं ते तिथंच दिसतं.

मराठीतला ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये कधीही घाला. मुख्यमंत्री आपले अरुण सरनाईक, हे तुम्हाला सांगायला नको. ‘कोर्ट’ (२०१४) मात्र सेटिंग झाल्यावरच. चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा लांब उभा राहतो, चेहऱ्यांजवळ जातच नाही. त्यामुळं अकरा फुटांवरून बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी दिसतात आणि कोण बोलतंय तेही कळत नाही. शेवटाकडं कोर्टाच्या खोलीतले दिवे बंद होतात आणि पडदा काळाच राहतो. सिनेमा संपला समजून उठू नका, पुढचा प्रसंग अख्ख्या सिनेमाचा अर्थ बदलतो.

आई, तुझ्यासाठी एक वेगळा. शांताल अकरमाननं वयाच्या पंचविशीत केलेला ‘ज्यान दीलमान’ (१९७५). २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकानं घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात जगातला सर्वोत्तम ठरला. २०१ मिनिटं आहे, पण गोष्ट तीन दिवसांची आहे आणि दिवस संपला की तशी पाटी येते, म्हणून तीन संध्याकाळी वाटून बघ. एक विधवा बाई घर चालवते: बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाला जेवायला वाढते. दुपारी पैशासाठी घरी पुरुष येतात, तेही तितक्याच शिस्तीत. पहिल्या दिवशी तिच्या हातांची सवय लक्षात ठेव. पैसे टेबलावरच्या भांड्यात टाकून झाकण लावायचं, खोलीतून निघताना दिवा घालवायचा. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, झाकण उघडं राहतं. अभ्यासकांना हे समजावून सांगावं लागतं. जिनं पन्नास वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं तिला ते झाकण बघूनच पोटात गोळा येईल. फोन बाजूला ठेवला नाही तर मात्र हेच निसटतं, आणि मग खरंच काही घडत नाही असं वाटतं.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, गाजलेला आणि कल्ट यात फरक काय. गाजलेल्याला परीक्षक मोठं करतात, कल्टला प्रेक्षक, आणि तेही पुन्हा पुन्हा बघून. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पहिल्यापासूनच चालला, म्हणजे कल्ट व्हायला आधी पडावंच लागतं असं नाही. त्याच कथेवरचा हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६) आज कुणाच्या तोंडी नाही. म्हणजे लोक कथेवर नाही, बोलण्याच्या ठेक्यावर जीव टाकतात. अशोक सराफ वाक्याआधी किती थांबतात ते बघा. ‘जाने भी दो यारों’चा (१९८३) महाभारताचा तुकडा तेवढा फोनवर बघणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. त्यानंतर कैद्याच्या कपड्यात ते दोघे नायक रस्त्यानं चालत येतात, आणि आधीचं सगळं हसू घशात अडकतं. ‘तुंबाड’ २०१८ला थोडक्यात आटोपला आणि २०२४ला पुन्हा लावल्यावर पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्यातला पाऊस आणि वाड्यातला काळोख दिवसा बघू नका. खिडकी पडद्यात दिसते आणि काळ्याचं करडं होतं. रात्री जेवणं झाल्यावर, हॉलचा दिवा घालवून, टीव्हीच्या मागं छोटा दिवा ठेवून बघा.

‘टोकियो स्टोरी’ सगळ्यात शेवटी. ओझूचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलतच नाही. आपण पाटावर बसून घरातल्यांकडं बघावं तसं. बोलणारा जवळपास थेट आपल्याकडं बघतो. मध्येच धुराडी, दोरीवरचे कपडे येतात, ती श्वास घ्यायची जागा आहे, पुढं ढकलू नका. सत्तरीतले आजोबा झालेले चिशू र्‍यू तेव्हा ४९ वर्षांचे होते; पाठीच्या पोकाकडं बघा. म्हातारे आईबाप गावाहून टोकियोतल्या मुलांकडं येतात, मुलं त्यांना आतामीला, समुद्रकाठच्या गरम झऱ्यांच्या गावी, धाडतात, ते तिथून परत येतात, आणि त्या रात्री आई विधवा सुनेच्या एका खोलीत झोपते. तिथं मध्यंतर करा.

आणि या वेळी पहिला प्रसंग घाई न करता बघा. दोघं प्रवासाची बांधाबांध करताहेत. हवेची उशी सापडत नाही. ते म्हणतात तुझ्याकडं दिली, ती म्हणते माझ्याकडं नाही. शेवटी ती त्यांच्याच सामानात निघते. ही शोधाशोध चालू असतानाच खिडकीतून शेजारीण डोकावून चार शब्द बोलते. ती खिडकी लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येते.

स्टँड खाली घ्यायला माणूस कधी येतो ते कळवा, मी व्हिडिओ कॉलवर थांबते.

तुमची धाकटी