हुरड्याच्या बैठकीसाठी एका ज्येष्ठ करसल्लागारांना अनावृत आभारपत्र (२०२६ च्या सुरुवातीचे)

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

या पत्रात आपले नाव मुद्दाम घातलेले नाही, कारण जाहीर कौतुकाचा आपल्याला किती तिटकारा आहे हे सोलापुरातल्या आम्हा सर्व करसल्लागारांना चांगलेच ठाऊक आहे. तरीही पत्र उघडपणे लिहिते आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधीच्या रविवारी आपण वर्षानुवर्षे आम्हा करसल्लागारांची जी हुरड्याची बैठक भरवत आलात, तिचा मला २०२५ च्या विवरणपत्रांच्या सीझनमध्ये केवढा उपयोग झाला, हे घरी येऊन सांगू लागले असते तर आपण चहा मागवून विषय बदलला असता.

सीझन कसा गेला हे आपण वर्तमानपत्रातून वाचलेच असेल. विवरणपत्रांची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेली आणि आमच्या पक्षकारांनी कागद आणून देणे तेवढ्याच निश्चिंतपणे पुढे ढकलले. १५ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास आणखी एक दिवस वाढवून मिळाला खरा, पण त्याच रात्री बारा ते अडीच आयकर पोर्टल देखभालीसाठी बंद राहणार असल्याचेही सांगण्यात आले, त्यामुळे आनंद करावा की घरी जाऊन झोपावे, हे कोणालाच ठरवता येईना. ऑडिटचे अहवाल आधी ३१ ऑक्टोबरवर आणि मग १० नोव्हेंबरवर गेले, त्यांची विवरणपत्रे १० डिसेंबरला संपली, आणि जीएसटीचे वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत मानेवर होतेच.

आता ज्या बाबीसाठी हे पत्र आहे, तिच्याकडे वळते. काही वर्षांपूर्वीच्या बैठकीत आगटीपाशी बसून कणीस चोळता चोळता आपण एका वारसाच्या नोंदणीची गोष्ट सांगितली होती. मृत व्यक्तीचे विवरणपत्र भरायचे तर वारसाला पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंद करावी लागते आणि त्यासाठी वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो. हा पुरावा म्हणजे न्यायालयाचा वारस दाखलाच, अशी बहुतेकांची समजूत असते, पण सरकारने दिलेला कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेशही त्यासाठी चालतो, असे आपण त्या गोष्टीच्या ओघात बोलून गेला होतात. तेव्हा आम्ही बहुतेक जण लसणाच्या चटणीत गुंतलो होतो.

गेल्या जुलैमध्ये एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. (हा मजकूर त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील गाळून लिहिते आहे.) त्यांचे यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि २०२४ च्या पावसाळ्यात वारलेले. ठेवींच्या पावत्या, पासबुके आणि मृत्यूचा दाखला असे सगळे एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत होते, आणि प्रत्येक पावतीच्या मागे यजमानांच्या अक्षरात मुदत संपण्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली होती. बँकेने वर्षभराच्या व्याजावरची करकपात यजमानांच्या पॅनवर दाखवली होती. ती रक्कम परत मिळवायची तर त्यांच्या नावाने विवरणपत्र भरणे भाग होते, आणि त्यासाठी आधी न्यायालयातून वारस दाखला काढा, असे कोणीतरी सांगितल्यामुळे बाई वकिलाची फी भरण्यासाठी त्याच ठेवींपैकी एक मोडायला निघाल्या होत्या.

पिशवीच्या तळाशी कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश होता. तो हाती आला आणि आपली गोष्ट जशीच्या तशी आठवली. बाईंच्या लॉगिनमधून अर्ज केला, तो आदेश जोडला, आणि काही दिवसांत नोंदणी मंजूर झाली. मग मृत्यूच्या तारखेपर्यंतचे उत्पन्न यजमानांच्या विवरणपत्रात आणि त्यानंतरचे व्याज बाईंच्या विवरणपत्रात, अशी दोन वेगळी विवरणपत्रे वेळेत भरली. कुटुंब निवृत्तिवेतन हे पगाराच्या रकान्यात नव्हे, तर इतर स्रोतांत दाखवायचे आणि नव्या करपद्धतीत त्यावर आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून कमाल २५,००० रुपयांची वजावट मिळते, हे त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “म्हणजे ठेव मोडायला नको ना?” यजमानांचा परतावा डिसेंबरात बाईंच्या खात्यात जमा झाला. त्याचे श्रेय त्या माझ्याकडे देतात. ते ज्यांचे आहे त्यांच्याकडे पोहोचवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

वारसाच्या पुराव्याची यादी पोर्टलवर कोणालाही वाचता येते. पण जुलैच्या गर्दीत, समोर रडवेली बाई आणि बाहेर बाकावर चार माणसे ताटकळत असताना, यादी आठवत नाही. कोणीतरी रंगवून सांगितलेली गोष्ट आठवते, असा निदान माझा अनुभव आहे. आमच्या धंद्यात परिपत्रके सर्वांना मिळतात; अनुभव मात्र जो तो आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवतो, कारण शेजारचा करसल्लागार हा शेवटी स्पर्धक असतो. ते कुलूप आपण वर्षातून एक दिवस उघडायला लावलेत, आणि तेही सक्त नियम घालून: पक्षकाराचे नाव, गाव, जात आणि दुकान यांचा उल्लेख करायचा नाही, आणि हसायचे तर पोर्टलला, परिपत्रकांना किंवा स्वतःला हसायचे. ज्या माणसाने आपल्यासमोर बँकेचे पुस्तक उघडले, त्याच्यावर हसायला आपण कोणालाही परवानगी दिली नाही. एकदा एका तरुण सहकाऱ्याने विडी कामगार आजीच्या सहीची नक्कल केली, तेव्हा आपण काही न बोलता त्याच्या हातातले कणीस काढून घेतले होते, हे आम्ही अजून नव्या मंडळींना सांगतो.

यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आपल्याला येता आले नाही, म्हणून थोडा वृत्तान्तही देते. माढ्याकडच्या एका दुकानदाराची बिले सीना नदीच्या सप्टेंबरातल्या पुरात भिजली, ती आमच्या एका सहकाऱ्याने गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवली, आणि ज्यांची शाई उतरली होती त्यांची खरेदी जीएसटीआर-२बी या पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीवरून जुळवली. एका वृद्ध गृहस्थांचा ओटीपी पुण्यातल्या नातवाच्या फोनवर जात होता आणि नातू वर्गात फोन बंद करून बसत असे. अखेर त्याच्या कॉलेजचे वेळापत्रकच ऑफिसच्या भिंतीवर लावावे लागले. तिघा भावांनी मिळून विकलेल्या एका जागेची पूर्ण किंमत तिघांच्याही एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या व्यवहारांच्या वार्षिक नोंदीत) स्वतंत्रपणे दिसत होती, आणि प्रत्येक भावाला वाटत होते की बाकीच्या दोघांनी आपल्याला गुंतवले आहे. दिवाळीला एकत्र यायचे की नाही इथवर आलेले ते प्रकरण, खरेदीखतातील हिस्से दाखवून आणि पोर्टलवर अभिप्राय नोंदवून मिटले.

सर्वांत रंगली ती राजकीय पक्षांच्या देणगीची गोष्ट. ऑफिसातल्या मित्राला मोठा परतावा मिळाला म्हणून न दिलेल्या देणगीची वजावट मागणारा एक पक्षकार, नकार मिळताच रागाने दुसरीकडे गेला. डिसेंबरात अशा वजावटींबद्दल खात्याचे संदेश लोकांच्या मोबाइलवर येऊ लागले, तेव्हा तोच गृहस्थ ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरून घेण्यासाठी परत हजर झाला. आमच्या सहकाऱ्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही आणि फी मात्र नेहमीपेक्षा जास्त घेतली. ती योग्य होती की नाही यावर जवळजवळ तासभर वाद झाला. माझ्या मते योग्य होती. आपले मत ऐकायला आवडेल.

एक विनंती करून पत्र पुरे करते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत आहे, त्यात ५३६ कलमे आहेत, आणि आमचे तोंडपाठ असलेले सगळे आकडे त्यामुळे बदलणार आहेत. शिवाय येत्या जुलैत भरायची विवरणपत्रे जुन्याच कायद्याखालची असल्याने वर्षभर दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवावी लागतील. आपल्याला जिना उतरण्याचा त्रास नको, म्हणून नवा कायदा आपल्या घरीच बसून एकत्र वाचावा असे आम्ही ठरवले आहे. खाण्याची व्यवस्था आमची राहील, काकूंना काही करू देणार नाही. मार्चच्या आधीचा आपण सांगाल तो रविवार आम्हा सर्वांना चालेल.

आपली कृतज्ञ,
नव्या पेठेतील एक करसल्लागार