बाबा, बगीचा फुलोऱ्यावर देऊ नका

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, "अजून किती वर्सं पोहत राहशीन बाबू?" असं तुम्ही फोनवर विचारलं. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो. अजून दोन हंगाम तरी.

कमरेला दोर बांधून विहिरीत तुम्ही शिकवलं, ते मान वर काढून पोहणं. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तलावावर गेलो, तर आधी तीच सवय मोडावी लागली. डोकं उचललं की कंबर-पाय खाली जातात आणि पाणी अंगाला अडवतं. फ्रीस्टाईलला तोंड पाण्यात, नजर तळाकडे, श्वासापुरती मान कडेला. आई, दम कसा पुरतो म्हणतेस ना? ५० मीटरला मी एकदाच श्वास घेतो, कारण मान वळवली की वेग जातो. काही मोठे जलतरणपटू तर एकदाही घेत नाहीत. १०० मीटरला तसं जमत नाही. पन्नासाला भिंतीशी कोलांटी मारून वळायचं, आणि शेवटी शेवटी हात उचलवत नाहीत. माझी वेळ जाते ती तिथेच, आणि तिथेच ती कमी होऊ शकते.

वय झालं म्हणता. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा १६ वर्षांचा होता. २०१० च्या एशियाडमध्ये त्याने ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. पुढे तो तहसीलदार झाला. तरी २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये उतरला, ५० मीटर फ्रीस्टाईलचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि अंतिम फेरीत कांस्य एक शतांश सेकंदाने हुकलं. तेव्हा तो २७ ला आला होता. तहसीलदाराची खुर्ची मिळाल्यावरही माणसाला पाण्यात परत यावंसं वाटलं, हे मला त्या पदकाहून मोठं वाटतं.

सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के राखीव जागांसाठी मी अर्ज करणारच आहे, तुम्ही काळजी करू नका. पण पोहतो ते नोकरीसाठी नाही, बाबा. मला पोहायचं आहे.

आता संध्याकाळी लहान मुलांना शिकवतो. त्यात खोली, खाणावळ आणि तलावाची फी निघते. तेव्हा माझ्या खर्चासाठी म्हणून संत्र्याचा आंबिया बहाराचा बगीचा फुलोऱ्यावरच व्यापाऱ्याला देऊ नका. फळ धरू द्या, दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, मग भाव बोला. तोडणीला मी येतो.

तुमचा,
लहान्या