नवरी कुठंय?

म्युनिक, १५ जानेवारी

तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

काल तिकडं सोलापुरात, सिद्धरामांच्या यात्रेत, सम्मती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता पडल्या तेव्हा इकडं सकाळ होती, बाहेर बर्फ. दादानं गर्दीच्या डोक्यांवर फोन धरलेला, त्यामुळं उंच काठ्यांचे सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंद्या तेवढ्या दिसत होत्या. 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' कानावर आलं तसा हातातला कप ठेवून मी हात जोडले. अक्षता नव्हत्या गं घरात. फार चुकचुकल्यासारखं झालं.

शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं, "लग्न आहे ना? मग नवरी कुठंय?"

मग तिला कुंभाराच्या पोरीची गोष्ट सांगितली. ती रोज पहाटे येऊन सिद्धरामांच्या योगमठाभोवती सडारांगोळी करायची, आणि एक दिवस म्हणाली, लग्न करीन तर तुमच्याशीच. ते योगी. हिचा हट्ट काही सुटेना, तेव्हा ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. तोच योगदंड म्हणजे हे नंदीध्वज. म्हणून तर आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेल वाहून, हळदीचा मान देऊन वरात निघते. बाराव्या शतकातल्या माणसाचं लग्न सोलापूर अजून दरवर्षी लावतं, हे सांगताना मला भरून आलं.

"मग पुढं?" पोरगी म्हणाली.

पुढं आजचा दिवस. होमाचा. तिथं मी अडखळले.

मला होम मैदानावरची ती संध्याकाळ आठवली. मी बाबांच्या खांद्यावर होते. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, दागिने घालून कुंभारकन्या केलेली. जाळानं आधी शालूचा काठ धरला, तो आक्रसत काळा होत गेला. सगळे होमाला हात जोडत होते आणि तू मात्र त्या पेंढीकडं बघून हळूच "माझी बाय" म्हणालीस. मला ते ऐकू आलं होतं, आजी.

मल्लय्याची गोष्ट सांगायला तू अर्धा तास लावायचीस. शेतात हुरडा खाऊन मल्लय्या नावाचा जंगम दहीभात मागतो, सिद्धराम घरी धावतो, परत येऊन बघतो तर जंगम नाहीच. मग "मल्लय्या, मल्लय्या" करत तो थेट श्रीशैलपर्यंत जातो, आणि कड्यावरून उडी टाकणार तोच मल्लिकार्जुन त्याला धरतो. तिथं तू माझा दंड घट्ट पकडायचीस. हिची गोष्ट मात्र दोन वाक्यांत उरकायचीस. का गं? तिला धरणारं कुणी आलं नाही म्हणून?

मला वाटतं, तिच्या वाट्याला देव आला, पण संसार आला नाही, आणि तेच तुला सोसत नव्हतं. पण गावानं तिला विसरू दिलं नाही. वर्षाला एकदा का होईना, सगळं सोलापूर तिच्या लग्नाला वऱ्हाडी होऊन उभं राहतं. लेकीला मी एवढंच सांगितलं. जाळाचं अजून सांगितलेलं नाही.

ते तू सांग. रविवारी फोन करते, तिला समोर बसवते. तुझ्या पद्धतीनं, सावकाश सांग.

होमानंतर वासरावरून वर्षाची भाकणूक सांगतात, ती काय झाली ते कळव. यंदा पाऊस आहे का? आणि कालच्या चार अक्षता कागदाच्या पुडीत बांधून देवघरात ठेव. मे महिन्यात आले की घेईन.

तुझी,
मनू